ट्रायथलॉन रिले आणि जुनी रेसिंग सायकल: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारळी पौर्णिमा झाली, पाऊस जरा ओसरला की रत्नागिरीत आमच्याकडे फोन सुरू होतात. अर्धे फोन "टीममध्ये एक जण कमी आहे" असे आणि उरलेले "एक सायकल बघितलीय, घेऊ का?" असे. उत्तरं तीच तीच द्यावी लागतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ; मी रिलेत सायकलवाला. पोहण्याबद्दल जे लिहिलंय ते आमच्या पोहणाऱ्याकडून ऐकलेलं आणि किनाऱ्यावर त्याची वाट बघत उभं राहून शिकलेलं आहे.

रिले म्हणजे तिघांनी तीन गोष्टी करायच्या, की प्रत्येकाने तिन्ही?

दोन्ही प्रकार असतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून आलेली मिक्स्ड रिले वेगळी. तिथे दोन पुरुष आणि दोन स्त्रिया, आणि प्रत्येक जण पोहतो, सायकल चालवतो, धावतो, मग पुढच्याच्या हातावर टाळी देतो. टोकियोत ब्रिटन जिंकलं, पॅरिसला जर्मनी. आपल्याकडे हौशी स्पर्धांत 'रिले' म्हटलं की बहुतेक वेळा एक पोहणार, एक सायकल चालवणार, एक धावणार. दोघांची टीमही बऱ्याच ठिकाणी चालते, म्हणजे एकाने दोन टप्पे करायचे. फॉर्म भरायच्या आधी नियम वाचा. तीन नावं देऊन दोघांनीच भाग घेतला तर निकालातून नाव जातं.

अंतरं किती असतात?

स्प्रिंट: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिक अंतर याच्या दुप्पट. हाफ म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर, मैलांत बेरीज ७०.३ होते, म्हणून हाफला '७०.३' असंही म्हणतात. गोव्यात २०१९ मध्ये मिरामारला पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली (आयर्नमॅन ही लांब अंतराच्या ट्रायथलॉनची मालिका) आणि तेव्हापासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या सायकलवाल्यांना या खेळाचं वेड लागलं. पहिलीच रिले असेल तर माझं मत स्प्रिंट किंवा ऑलिंपिक. हाफच्या ९० किलोमीटरसाठी चार महिने तयारी लागते, आणि त्यातला एक महिना तरी आपल्याकडे पावसातच जातो.

"सायकल इली, पण पोवणारो खंय?"

हा प्रश्न कुडाळहून आला होता, जसाच्या तसा ठेवलाय. कोकणात टीमचं घोडं नेहमी इथेच अडतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या सगळ्यांना पोहता येतं, पण दोन किलोमीटर एका दमात, डोकं पाण्यात घालून, सरळ रेषेत पोहणारा माणूस शोधावा लागतो. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे जाऊन उभे राहा. दहावी-बारावीतली मुलं असं पोहतात की आपण सायकलच्या किमतीवर घातलेले वाद आठवून लाज वाटते. वयाची अट मात्र तपासा, मोठ्या अंतरात अठरा पूर्ण लागतात.

टँकमध्ये पोहणाऱ्याला समुद्र जमेल?

जमेल, पण पहिली वेळ स्पर्धेच्या दिवशी नको. टँकमध्ये तळाला रेघ असते, समुद्रात काहीच नसतं. आमचा पोहणारा सुरुवातीला दर सहा-सात हातांनी डोकं वर काढून खूण बघायचा, आणि खूण म्हणून त्याने धरली होती नांगरलेली होडी. होडी प्रवाहाबरोबर फिरते. पठ्ठ्या तिच्यामागे फिरला आणि पाचशे मीटर जास्त पोहून आला. खूण जमिनीवरची घ्या: देवळाचा कळस, माडांची रांग, टॉवर.

खाडीच्या तोंडाशी सराव करू नका, ओहोटी लागलेली असताना तर मुळीच नाही. पाणी बाहेर ओढत असेल तर किनाऱ्याकडे सरळ झुंजत बसायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर निघायचं आणि मग आत वळायचं. आणि एकट्याने कधीच नाही. सोबत रंगीत फ्लोट बांधलेला असावा आणि किनाऱ्यावर कोणीतरी घड्याळ घेऊन बसलेलं असावं.

स्पर्धेच्या दिवशी पाणी कसं असेल ते आधी कसं कळणार?

मोबाइलवर कळतं. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकंही छापतो. पण आमच्याकडचे मच्छीमार कॅलेंडरवरची तिथी बघून सांगतात, आणि तो हिशेब प्रत्येकाला यायला हवा: तिथीची पाऊणपट करा, भरती साधारण तेवढ्या वाजता. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे तेच, पक्ष कुठलाही असो. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाजाला पुरेसं आहे.

आता स्पर्धा सकाळी सातला सुटते असं धरा. अष्टमी ते दशमीच्या आसपास असेल तर पाणी भरतीच्या टोकाला असतं, शिवाय तेव्हा भांग असतो, म्हणजे चढ-उतार कमी आणि ओढही कमी. पोहणाऱ्यासाठी याहून चांगलं काही नाही, आणि किनाऱ्यावर चालावं लागतं तेही कमी. हीच स्पर्धा अमावास्येला किंवा पौर्णिमेला आली तर उधाण. पहाटे पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, सातला पाणी जोरात आत येतंय. सपाट पुळणीवर पाण्यापर्यंतच शे-दोनशे मीटर ओली वाळू तुडवावी लागते. तारीख जाहीर झाली की मी आधी तिथी बघतो, हॉटेल नंतर.

वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) घ्यावा का?

नाही. आपलं पाणी हिवाळ्यातही साधारण २५-२६ अंशांच्या खाली जात नाही आणि आयर्नमॅनच्या नियमात हौशी स्पर्धकांना २४.५ अंशांच्या वर वेटसूट चालत नाही. ते पैसे सायकलच्या टायरला ठेवा.

पोहणाऱ्याकडून सायकलवाल्याकडे पाळी कशी जाते?

पोहणाऱ्याच्या घोट्याला टायमिंग चिप असते. तो पळत ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली लावलेल्या पाळी बदलायच्या जागेत येतो, तुम्ही ठरलेल्या जागी उभे असता, तो पट्टा सोडून तुमच्या घोट्याला बांधतो, मग तुम्ही निघायचं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पोहणाऱ्याची बोटं सुरकुतलेली, ओली, थरथरणारी, आणि वेल्क्रोत वाळू. पट्टा तुम्ही वाकून सोडवा, त्याने फक्त पाय पुढे करायचा. घरी ओटीवर दहा वेळा सराव करा. शेजारी हसतील.

हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि माउंट लाइन, म्हणजे सायकलवर बसायची आखलेली रेघ, ओलांडल्याशिवाय टांग टाकायची नाही. या दोन नियमांवर नवख्या टीम सर्रास दंड खातात.

पुढच्याच्या मागे लागून सायकल चालवली तर चालते?

ग्रुप राइडला चालते. हौशी ट्रायथलॉनमध्ये सहसा नाही. हाफला मधलं अंतर १२ मीटर ठेवायचं आणि त्या टप्प्यात शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. रिलेवाल्यांना हे जड जातं, कारण आपण ताजेतवाने निघतो आणि समोर पोहून दमलेल्यांची रांग असते. दम साठवून एकेकाला नीट ओलांडा. मोटरसायकलवरचे पंच बघत असतात, आणि पेनल्टी टेंटमध्ये घड्याळाकडे बघत उभं राहणं फार वाईट असतं.

धावणाऱ्याचं काम सगळ्यात सोपं ना?

असं सायकलवालेच म्हणतात. हाफ रिलेचा हिशेब करा: सातला सुरुवात, पोहायला पाऊण तास, सायकलला तीन तास. म्हणजे धावणारा पावणेअकराला निघणार, कोकणातल्या उन्हात आणि दमटपणात, आणि तो बिचारा पहाटे चारपासून जागा. आमच्या धावणारणीने पहिल्या वर्षी पहाटे घावणे खाल्ले आणि मग पावणेअकरापर्यंत काहीच नाही. चौदाव्या किलोमीटरला ती बसली. आता ती साडेआठला पुन्हा थोडं खाते. नारळपाणी भरपूर प्या, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असतं, घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणून मीठ घातलेलं कोकम सरबत बाटलीत असू द्या.

रिलेसाठी कुठली सायकल? टीटी बाइकच (हँडलवर आडवं पडून चालवायची टाइम ट्रायल सायकल) हवी का?

आपल्या रस्त्यांवर नको. कोकणाचा किनारी रस्ता नकाशावर सपाट दिसतो. प्रत्यक्षात खाडीच्या पुलावर उतरायचं, पुन्हा घाटी चढून सड्यावर यायचं, पुन्हा उतरायचं. आरे-वारेचा रस्ता एकदा करून बघा, मग हँडलवर आडवं पडून चालवायची हौस कमी होते. साधी रोड बाइक, पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे ३२ किंवा ३४ दातांपर्यंत कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच). त्यावर वाटलंच तर क्लिप-ऑन एअरोबार (हात पुढे टेकवायचे जोडदांडे) लावा. २८ मिलिमीटरचे टायर, कारण जांभ्याची बारीक खडी रस्त्यावर कायम असते.

वाऱ्याचाही विचार करा. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, तो हलका. ऊन चढलं की खारा वारा सुरू होतो आणि समुद्राला समांतर रस्त्यावर तो बाजूने लागतो. उंच रिमची चाकं फोटोत झकास दिसतात, पुलावर मात्र हँडल हातातून काढून घेतात.

मग नवीन घ्यावी की वापरलेली?

तीन टप्प्यांपैकी पैशाने विकत घेता येतो तो एकच, म्हणून सगळ्या टीम तिथेच पैसे ओततात. पण कार्बन फ्रेमने चाळीस किलोमीटरमध्ये जी मिनिटं मिळतात, तेवढी तुमचा पोहणारा चुकीच्या होडीमागे जाऊन घालवतो. पहिल्या दोन वर्षांसाठी वापरलेली ॲल्युमिनियमची, शिमानोच्या टियाग्रा किंवा १०५ गिअरची सायकल पुरे.

जुनीला भाव किती द्यावा?

माझा ठोकताळा असा: आज त्याच दर्जाची नवी कितीला मिळते ते बघा, वर्षभर वापरलेली असेल तर त्यातून तिसरा हिस्सा कमी, तीन वर्षांनी निम्मं. 'आज कितीला मिळते' हे महत्त्वाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. एक लाखाच्या मूळ किमतीमागे सात हजारांचा फरक. विकणारा जुनं बिल दाखवून त्या आकड्यावरून भाव मोजत असेल तर त्याला हे सांगा. वर बसवलेल्या महागड्या चाकांचे, सॅडलचे पैसे तो पूर्ण मागेल. देऊ नका, ती त्याची हौस होती.

सायकल बघायला गेल्यावर नक्की काय तपासायचं?

मुंबई, रत्नागिरी, मालवण, कुठलीही किनाऱ्यावरची सायकल असेल तर पहिला प्रश्न खाऱ्या हवेचा. रंग बघू नका, रंग ओल्या फडक्याने पुसून चमकवता येतो.

आधी सीटपोस्ट. विकणाऱ्यासमोर बोल्ट सैल करा आणि पोस्ट पूर्ण बाहेर काढायला सांगा. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कार्बनचा पोस्ट, किंवा उलट, ग्रीस किंवा पेस्ट न लावता वर्षभर राहिला की मिठाच्या ओलीने गंजून चिकटतो. मी एकदा हे न बघता सायकल घेतली. फिटिंगला गेल्यावर कळलं की सीट दोन सेंटीमीटर वर घ्यायचीय आणि पोस्ट हलत नाही. शेवटी तो कापून काढावा लागला. विकणाऱ्याने तेव्हा "उंची परफेक्ट आहे, हात लावू नका" असं सांगितलं होतं, ते मला नंतर आठवलं.

मग स्पोकचे निपल, म्हणजे तारा ताणायचे बारीक नट. रिमजवळ पांढरी भुकटी दिसली तर प्रत्येक निपल फिरतोय का विचारा. अडकलेले असतील तर चाक सरळ करता येत नाही, नवं चाक धरूनच भाव बोला. केबल हाउसिंगच्या टोकांना लाल पाणी, हेडसेट फिरवताना मधोमध अडकणं, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवल्यावर खडखड, क्रँक आडवा ढकलल्यावर खेळ, हे सगळं पाच मिनिटांत होतं. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवलेली असेल तर स्टेमचे बोल्ट आणि हँडलची टेप उचलून बघा. घाम समुद्राइतका खारट नसतो, पण तो थेट तिथेच टपकतो.

चेनसाठी गेज नसेल तर साधी फुटपट्टी चालते. पिनच्या मध्यापासून मोजलं तर नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) म्हणजे बारा इंच, ३०४.८ मिलिमीटर. तेच ३०६.३ च्या पुढे गेलं असेल तर अकरा-बारा स्पीडची चेन बदलायची वेळ झाली. ३०७ च्याही पुढे असेल तर बहुधा कॅसेटही गेली.

कार्बन फ्रेम जुनी घेतली तर चालेल?

चालेल, पण अंधारात बघू नका. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या जागेच्या) आसपास, हेड ट्यूबला आणि मागच्या चाकाच्या खाचेजवळ रेघ दिसली तर ती रंगाची की फ्रेमची, हे ठरवायला नाण्याने हलकेच टिचक्या मारा. सगळीकडे टणटण आणि एके ठिकाणी बद्द आवाज आला तर निघून या. सायकल पडली होती का, हे सरळ विचारा. बहुतेक माणसं समोरासमोर खोटं बोलताना सायकलकडे बघतात.

साइज?

साडेपाच फुटांच्या माणसाला बहुतेक कंपन्यांत ५२ किंवा ५४. "स्टेम बदलून होईल" हे दोन सेंटीमीटरपर्यंत खरं, त्यापुढे नाही. मला एका ऑनलाइन दुकानाने ५४ ऐवजी ५६ पाठवली आणि परत घ्यायला दीड महिना लावला. तेव्हापासून खोका दुकानातल्या माणसाला व्हिडिओ कॉलवर ठेवूनच उघडतो.

बिल नाही म्हणतोय. घ्यावी?

सायकलला आरसी बुक नसतं. मालकीचा पुरावा म्हणजे बिल आणि बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला नंबर. बिल हरवलं असू शकतं, पण मग जुने फोटो, सर्व्हिसच्या पावत्या, काहीतरी असतंच. नंबर घासलेला असेल तर विषय संपला. घेतलीत तर साध्या कागदावर नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या.

"आर्मीत आहे, बदली झालीय, ॲडव्हान्स पाठवा" असा मेसेज आलाय.

पाठवू नका. तुम्ही विकत असाल आणि समोरचा "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणाला तरी तेच. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा.

माझी विकायची आहे. कधी काढू?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, स्पर्धांच्या नोंदणीच्या दिवसांत. जूनमध्ये काढलेल्या सायकलीला आपल्याकडे फक्त भाव पाडणारे येतात. फोटो चेनच्या बाजूने काढा, ओरखडे मुद्दाम जवळून दाखवा. पेडल देणार की नाही ते लिहा. आमच्यात एकाने स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सायकल घेतली, तिच्यावर एका प्रकारची पेडल, याच्या बुटाला दुसऱ्या प्रकारच्या क्लीट (पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्या). शेवटी चाळीस किलोमीटर त्याने साध्या बुटांनी मारले.

पुण्याला पाठवायची कशी?

दुकानातून सायकलचा रिकामा खोका मागून आणा, बहुतेक फुकट देतात. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. तिथे जोर लावून अर्ध्या रत्नागिरीने क्रँक खराब केलेत. हँडल काढून फ्रेमला बांधा, पुढच्या फोर्कमध्ये प्लास्टिकचा आधार घाला, डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये पुठ्ठा.

पावसाळ्यात सायकल कशी ठेवायची?

प्लास्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर टाका. समुद्राकाठच्या प्रत्येक राइडनंतर गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा पाइप बेअरिंगवर मारू नका. कोरडी करून चेनला तेल. महिन्यातून एकदा सीटपोस्ट काढून, पुसून, धातूच्या जोडाला ग्रीस आणि कार्बन असेल तिथे कार्बन पेस्ट लावून परत.

आम्ही तिघे मिळून एकच चांगली सायकल घ्यावी का?

तिघांची उंची सारखी आहे का? नसेल तर उत्तर मिळालं. असेल तरी पंक्चर कोणी काढायचं, टीम मोडली तर सायकल कोणाकडे, पडली तर खर्च कोणाचा, हे घेण्याआधी कागदावर लिहा. आमच्या ओळखीच्या एका टीमने लिहिलं नव्हतं. ती सायकल दोन वर्षं पोहणाऱ्याच्या पडवीत उभी आहे, आणि त्याला ती चालवता येत नाही.